बीच नंतर: पुण्याहून जुना गोवा बघायला निघताय तर

पुण्यात "गोव्याला चाललोय" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बागा की कळंगुट?" मीसुद्धा कॉलेजपासून चार-पाच वेळा गेले आणि दर वेळी तेच केलं. चर्च म्हणजे परतीच्या दिवशी चेकआउट झाल्यावर, सामान डिकीत टाकून दीड तासात उरकायची गोष्ट. मग एका वर्षी आई आणि मावशीला घेऊन गेले. दोघी साठीपुढच्या, दोघी माहेरच्या रत्नागिरीच्या, त्यामुळे समुद्राचं काडीचं कौतुक नाही. चार दिवस फक्त जुनी घरं, चर्च, देवळं आणि किल्ले. त्या फेरीत करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी केल्या. नंतर दोनदा जाऊन त्या दुरुस्त केल्या. पहिल्यांदाच असा गोवा बघायला निघणाऱ्यांसाठी ही माहिती क्रमाने लिहून ठेवते आहे.

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: मुक्काम पणजीत करा. कारण तिसऱ्या पायरीत आहे.

१. निघण्याआधी क्वार्टर गेटला जाऊन या

हे मी गमतीत सांगत नाही. नाना पेठेतलं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च आपण बसमधून हजारदा बघितलेलं असतं. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती लोक होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये ही जमीन दिली. ज्या पोर्तुगीजांकडून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यांच्याच माणसांना अर्धशतकानंतर पुण्यात चर्चसाठी जागा! हा धागा डोक्यात घेऊन गेलात तर गोव्यात बघण्यासारखं दुप्पट होतं.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर आणखी एक वाकडी वाट करा. साताऱ्याच्या अलीकडे सुरूर फाट्याला आत वळून वाई, आणि वाईच्या पुढे मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथल्या देवळापाशी एक अवाढव्य घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या चर्चमधली. मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणलेल्या घंटांपैकी ही एक, भीमाशंकरलाही एक आहे. तासाभराचा खोळंबा होतो, पण सहलीची सुरुवात याहून चांगली होणार नाही.

२. जायचं कसं

*रेल्वे.* दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस पुण्याहून दुपार कलल्यावर सुटते, मिरज, बेळगाव, लोंढामार्गे मडगावला पहाटे पोहोचते आणि पुढे वास्कोला जाते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डिसेंबर आणि मे महिन्याची तिकिटं त्याच दिवशी काढायची, "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणालात की वेटिंग. मडगावला उतरून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, शटल बसने पणजी गाठता येते. शटल म्हणजे मध्ये न थांबणारी बस, तिचं तिकीट आधी खिडकीवर काढतात आणि मग रांगेत उभं राहतात. पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, पण ते कोकण रेल्वेवर आहे. गोवा एक्स्प्रेस तिथे जात नाही. नकाशात जवळ दिसतं म्हणून ॲपवर पुणे-करमळी शोधत बसू नका.

*विमान.* इथे मी सपशेल आपटले. गोव्यात विमानतळ दोन आहेत: दक्षिणेला वास्कोजवळचं जुनं दाबोळी आणि उत्तरेला पेडण्यातलं मोपा, जे जानेवारी २०२३ पासून सुरू झालं. मी जाताना दाबोळीला उतरले होते, म्हणून परतीलाही बेधडक दाबोळीला गेले. तिकिटावर मोपा होतं. दोघांमध्ये साठेक किलोमीटर, मध्ये मांडवी आणि झुआरी, आणि टॅक्सीवाल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसणारा आनंद. विमान गेलं. तिकीट हातात आल्याबरोबर विमानतळाचं नाव वाचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला लावा.

*रस्ता.* साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गाने कोल्हापूर, मग निपाणी किंवा संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. दुसरा पर्याय बेळगावहून चोर्ला घाट. पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचे दिवे हीच वाट, तेव्हा घाट उजेडात उतरा. बांद्यापुढे गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या ती ही जागा. त्याच वर्षी मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले होते. पुण्याच्या गाड्या इथून सुसाट जातात. पाच मिनिटं थांबा.

रात्रीच्या खाजगी बस आहेतच. झोप लागत असेल तर उत्तम. मला लागत नाही.

३. मुक्काम पणजीत

कळंगुटला राहून ओल्ड गोवा बघायचं ठरवलंत तर सकाळचा सोन्यासारखा वेळ पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये जातो. पणजीहून ओल्ड गोवा जेमतेम दहा किलोमीटर, फोंड्याची देवळं पाऊण तासावर, मडगावला शटल, समोरच्या तीरावर रेईश मागूशचा किल्ला, आणि फोंतेन्हास ही पणजीतलीच जुनी वस्ती तर चालत. गाडी नसेल तरी अडत नाही. कदंबा स्टँडवरून "वडलें गोंय, वडलें गोंय" (म्हणजे ओल्ड गोवा) किंवा "फोंडा, फोंडा" असं ओरडणारा कंडक्टर दिसला की चढायचं.

फोंतेन्हासमध्ये जुन्या घरांत राहायच्या खोल्या मिळतात. लाकडी जिने, उंच पलंग, सगळं छान. पण बुकिंग करताना दोन गोष्टी फोनवर विचारा: खोली कितव्या मजल्यावर आहे आणि गाडी कुठे लावायची. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना शिडीसारखा उभा. मावशीने तो रोज दोनदा चढताना माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. पार्किंगचं म्हणाल तर त्या गल्ल्यांत स्कूटरसुद्धा अंग चोरून जाते.

फिरायला भाड्याची दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी "शंभर रुपये कमी" म्हणून देतात, पोलिसांनी धरली की दंड तुमचा. हेल्मेटचं पुण्यात काय करता ते तुमचं तुम्ही बघा, तिथे घाला. एकट्या माणसाला जवळपास जायचं तर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला "पायलट" बरा. पुण्यातली नेहमीची टॅक्सीची ॲपं तिथे उपयोगाची नाहीत. गोवामाइल्स नावाचं ॲप उतरवून घ्या आणि जास्त फिरायचं असेल तर दिवसाचा दर आधी ठरवून मगच गाडीत बसा.

४. सोबत काय घ्यायचं

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. खोली देताना सगळ्यांचं मागतात, एकाचं चालत नाही.
- लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. स्वतःची गाडी असेल तर एमएच पाटी बघून थांबवतात, कागद नीट असले की दोन मिनिटांत सोडतात.
- ओढणी, पंचा किंवा शाल. चर्चमध्ये आणि देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. गेल्या खेपेला आमच्यातल्या एका भावाने बर्मुडा घालून दारात वाद घातला आणि शेवटी आईची शाल लुंगीसारखी गुंडाळून आत गेला. ते फोटो अजून ग्रुपवर फिरतात.
- छोटी दुर्बीण, असली तर. का ते पुढे येईल.
- छत्री. पावसाळ्यात पावसासाठी, बाकी वर्षभर उन्हासाठी.
- सुट्टे पैसे.

५. ओल्ड गोवा: सकाळ, आणि याच क्रमाने

नऊच्या आत पोहोचा. रविवार टाळा, सकाळी मिस्सा असतात आणि लोक प्रार्थनेत असताना आपण फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही. शुक्रवारही टाळा, कारण सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आम्ही अर्थातच शुक्रवारी गेलो होतो. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हे दिवस सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे, म्हणजे सणाचे. गर्दीची हौस असेल तर तेव्हाच जा, नसेल तर अजिबात नको.

बहुतेक लोक बसमधून उतरले की समोरच्या बासिलिकात, म्हणजे बॉम जीझसच्या मोठ्या चर्चमध्ये, शिरतात. तसं करू नका. आधी उलट्या दिशेने टेकडी चढून सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे जा, कारण तिथे सावली नाही आणि अकरानंतर उभं राहवत नाही. मनोरा १६०२ चा, मूळ उंची ४६ मीटर, आता अर्धाच उभा आहे. १८३५ च्या सुमाराला पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी घातली, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि पुढे दर्शनी भिंत. जमिनीवर थडग्यांच्या कोरीव शिळा पसरल्या आहेत, त्यांवरून चालताना सांभाळा. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी इथेच सापडल्या, २०२१ मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला. मनोऱ्यातली घंटा मात्र वाया गेली नाही. ती आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे, संध्याकाळी ऐकू येईल.

मग खाली बॉम जीझसच्या बासिलिकात. काम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण. आजूबाजूची सगळी चर्च पांढरीशुभ्र आणि हेच एक लालसर काळं का, असा प्रश्न पडतोच. मावशीने आत जाण्याआधी भिंतीला हात लावला, बोटांनी खरवडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अगं, हा आपल्या घराचाच चिरा की!" खरंच होतं. जांभा. रत्नागिरीच्या घराला जो चिरा, तोच इथे चारशे वर्षांहून जुन्या भिंतीला. म्हणजे रोमचा नकाशा आणि कोकणातला दगड. मूळ चर्चला गिलावा होता, तो १९५० च्या दशकात "दगड सुंदर दिसेल" म्हणून काढून टाकला. जांभा पाऊस पितो, त्यामुळे तेव्हापासून भिंती झिजतायत. जवळून बघितलंत तर चिऱ्यांवर भोकं आणि पापुद्रे दिसतात. हात लावायचा मोह आवरा, मावशीला मीही नंतर ओरडले.

आत उजवीकडे सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर तो वारला. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली, खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला, मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोची भेट, १६९८ मध्ये इथे उभारला. पेटी इतकी उंचावर आहे की नुसत्या डोळ्यांनी फक्त चकाकी दिसते. दुर्बीण सांगितली ती यासाठी. पार्थिव दहा वर्षांतून एकदा खाली आणून दर्शनाला ठेवतात, मागचा सोहळा २०२४-२५ च्या हिवाळ्यात झाला.

याच ठिकाणची एक गोष्ट पुण्याच्या माणसाला सांगायलाच हवी. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी पलीकडचं जुवें बेट घेतलं आणि शहर हातचं जाणार असं दिसायला लागलं. तेव्हा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर या समाधीपाशी आला आणि आपला अधिकारदंड त्याने झेवियरच्या हवाली केला, आता तूच वाचव म्हणून. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्याने महाराजांना मागे फिरावं लागलं. तिथले गाइड ही गोष्ट चमत्काराच्या बाजूने सांगतात. आपण मोगलांच्या बाजूने ऐकायची.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, १५६२ मध्ये सुरू झालेलं. दर्शनी भाग लंगडा वाटतो, कारण दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो परत बांधलाच नाही. त्याच्या शेजारी संग्रहालय. तिथे व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावली आहेत, सगळी बघत बसायची गरज नाही. मग नदीकडे चालत व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली, वर त्याच पणजोबाचा पुतळा. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरायचा.

एक प्रश्न मला दर वेळी लोक विचारतात: एवढं मोठं शहर होतं तर माणसं कुठे गेली? साथीच्या रोगांनी. कॉलरा आणि मलेरियाने शहर इतकं पोखरलं की व्हाइसरॉयनेच अठराव्या शतकात मुक्काम पणजीकडे हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

कमानीतून पुढे गेलं की थेट धक्का. तिथून दिवाडी बेटाची फेरीबोट घ्या. गाड्या, सायकली, मासळीच्या टोपल्या सगळं एकत्र, दहा मिनिटांचा प्रवास. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे डिचोलीत नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धारून दिलं. वेळ असेल तर त्याच दिवशी नार्वेही जमतं.

दुपारी एक ते चार छोटी दुकानं बंद असतात. आपण पुणेकर याबद्दल कुणाला नावं ठेवण्याच्या परिस्थितीत नाही. जेवून घ्या.

६. फोंतेन्हास, उन्हं उतरल्यावर

पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता म्हणून घरं रंगीत, असं तिथले लोक सांगतात. घराबाहेर बसायला दगडी बाकांची ओसरी असते, तिला बाल्कांव म्हणतात. जुन्या खिडक्या जवळून बघा: काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ, दुधी चकत्या लाकडी चौकटीत एकाशेजारी एक बसवलेल्या. आत उजेड येतो, ऊन येत नाही.

सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमधला क्रूस चुकवू नका. हा पूर्वी ओल्ड गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मपालनाची चौकशी करणारं न्यायालय, गोव्यात १५६० ते १८१२ चाललं. येशूच्या मूर्तीचे डोळे एरवी मिटलेले असतात, इथे उघडे आहेत. आई तिथे बराच वेळ गप्प उभी होती.

सापळा असा: ही राहती घरं आहेत. दुसऱ्याच्या दारात बसून फोटो काढणं, खिडकीतून आत डोकावणं, जोरात रील शूट करणं यांनी तिथले लोक वैतागलेत आणि त्यांचं बरोबर आहे. उलट आमच्या आईने एका आजींना मराठीत विचारलं, "तुळस कुठून आणली हो?" तर त्यांनी आम्हाला बसवून पाणी दिलं. मराठी बहुतेकांना कळतं, बोलतातही. इंग्रजीत सुरुवात करू नका.

सकाळी सहा-सातला भोंगा वाजला की समजा पोदेर आला, सायकलवर पावाची टोपली घेऊन. पोई मागा. कोंड्याची, पोकळ, गरम. हॉटेलच्या नाश्त्यात जे मिळतं त्याचा आणि हिचा काही संबंध नाही.

७. फोंड्याची देवळं

लोक याला वेगळी, "देवदर्शनाची" सहल समजतात. खरं तर हा ओल्ड गोव्याचाच दुसरा भाग आहे. साष्टी, तिसवाडी, बारदेशातली देवळं पोर्तुगीजांनी पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे फोंड्यात नेले, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० च्या सुमाराला मंगेशीला आला. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आली आणि तिचं आजचं देऊळ साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. घुमट, कमानीच्या खिडक्या, आत झुंबरं: ज्यांच्यापासून पळून आले त्यांचीच बांधणी थोडी उचलली. बॉम जीझस बघून दुसऱ्या दिवशी इथे आलात तर ते लगेच दिसतं, आधी आलात तर दिसत नाही. म्हणून हा क्रम.

८. वेळ उरला तर

रेईश मागूशचा किल्ला, १५५१ चा, छोटा, नीट दुरुस्त केलेला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. आग्वाद मोठा आहे, १६१२ चा, पण दुपारी तिथे फक्त ऊन आणि सेल्फी असतात. दोन्हींत निवड करायची तर रेईश मागूश.

दक्षिणेत चांदरची ब्रागांझा हवेली बघण्यासारखी आहे. एकाच छपराखाली दोन शाखांचे दोन भाग आणि दोन्हींकडे वेगळी देणगी द्यावी लागते, हे माहीत असू द्या. आत फोटो काढण्याआधी विचारा.

९. परतताना

काजू मार्केटमधून घ्या, चव बघून. बेबिंका, म्हणजे तिथला थरांचा केक, बेकरीतून घ्या. दारूबद्दल मात्र ऐका: गोव्याच्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांदा, आंबोलीच्या बाजूला उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. "एकच बाटली आहे साहेब" हे त्यांनी आधी ऐकलेलं असतं.

रेल्वेने येणार असाल तर परतीची गोवा एक्स्प्रेस दुपारी वास्कोहून सुटते, त्यामुळे जाताना अंधारात गेलेला ब्रागांझा घाट आता उजेडात लागतो. हा रेल्वेमार्गही पोर्तुगीजांच्या काळातलाच, १८८० च्या दशकातला. कुळें गेलं की पेंगू नका, दारापाशी गर्दी करू नका, खिडकीची जागा धरून बसा. पावसाळा नुकताच संपलेला असेल तर दूधसागर डब्यात तुषार उडवतो. आमच्या वेळी मावशीने नेमका तेव्हाच डबा उघडून सगळ्यांना पोई वाटायला घेतली होती, ती थोडी ओली झाली. तशीच खाल्ली.